थंडीतली केळ आणि आपली काळजी



ग्वाल्हेरकडे आपल्या अनेक घरांच्या अंगणात केळ असते. गुरुवारी तिची पूजा होते, सत्यनारायणाला तिचेच खांब. पण केळ मूळची उष्ण हवेतली. पारा १० अंशांखाली उतरला की तिची वाढ थांबते आणि पाला पडला (इथला पाला म्हणजे गोठलेलं दव, झाडाची पानं नव्हेत!) तर पानं एका रात्रीत काळी पडतात.

मग आपल्याला राहवत नाही. रोज पाणी, वर खत, आणि काळी पानं लगेच छाटायची घाई. खरं तर गार, ओल्या मातीत कंद कुजतो, आणि ती वाळली पानंच खोडाचं पांघरूण होतात. बुंध्याशी वीतभर पेंढा, खोडाला गोणपाट, एवढं पुरे. जीव जमिनीखाली कंदात असतो. वरचं सगळं गेलं तरी ऊन तापू लागलं की त्यातून नवे कोंब येतात.

मग ते रोजचं पाणी केळीसाठी, की आपल्या बेचैनीसाठी? घरात नापास झालेला मुलगा गप्प बसतो, आपण तासातासाला विचारतो, "काय झालं? बोल ना!" याला सेवा म्हणावं का? आम्हाला तसं वाटत नाही. पण "गुरुमाउली बघून घेतील" म्हणून हात झटकणं, तीही सेवा नव्हे. गोणपाट बांधायला कुणीतरी उठावंच लागतं, तेही थंडी पडायच्या आधी.

पेंढा होळीनंतर काढावा. तोवर उचलून कोंब आला का ते बघू नये. हात शिवशिवतात, ते आम्हालाही माहीत आहे.