न विरघळणारे निर्माल्य

मंगळूरच्या उत्तरेस, शांभवी नदी जेथे सागरास मिळते त्या मुल्कीच्या किनाऱ्यावर मी एका पहाटे बसलो होतो. भरती नुकतीच ओसरली होती, आणि आपण कोठवर आलो होतो याची रेघ तिने नेहमीप्रमाणे वाळूवर आखून ठेवली होती. त्या रेघेत शिंपले होते, सुरूच्या काटक्या होत्या, निळ्या नायलॉनच्या जाळ्याचे तुकडे होते आणि तोंडाशी दुहेरी गाठ मारलेली प्लॅस्टिकची एक पिशवी होती. आत झेंडूचे काळे पडलेले हार आणि कापसाची वस्त्रे होती. घरच्या देवाचे निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून कुणा श्रद्धाळू हाताने ती गाठ किती जपून मारली होती, हे ती सोडवताना मला कळले. ज्या फुलांचे समुद्रार्पण व्हायचे होते त्यांना समुद्राचे पाणी लागलेच नव्हते; अर्पण झाली होती ती केवळ पिशवी, आणि समुद्राने ती परत केली होती. या कृत्यास पूजा म्हणावे की प्रमाद, हा प्रश्न त्या क्षणापासून माझा पिच्छा सोडीत नाही.

आपल्या लोकमानसात समुद्र हे तीर्थ आहे आणि समुद्रास विटाळ नाही. सारे धुऊन काढतो त्यास कोण मळवणार, अशी ती धारणा. आणि जोवर आपण त्याच्या ओटीत फूल, नारळ, अस्थी आणि माती एवढेच घालीत होतो तोवर ती यथार्थही होती. नारळी पौर्णिमेस कोळी बांधव जो नारळ वाहतात तो समुद्रास कधी जड झाला नाही. गणेशमूर्तीला आपण 'पार्थिव' म्हणतो, कारण ती पृथ्वीची असते. विसर्जन म्हणजे टाकून देणे नव्हे, तर काही काळ आकारास आलेल्या तत्त्वाला त्याच्या मूळ महाभूतांत सन्मानाने परत पाठवणे होय. परंतु प्लॅस्टिक कोणत्याच महाभूताच्या घरी परत जाऊ शकत नाही. समुद्र आपल्या पोटात काही ठेवीत नाही, सारे काठावर आणून टाकतो, असे किनाऱ्यावरची वृद्ध माणसे सांगत आली. पण ऊन, लाटा आणि वाळू यांनी भरडलेल्या प्लॅस्टिकचा डोळ्यांना न दिसणारा चुरा मात्र त्याच्या पोटात राहतो आणि माशाच्या पोटातून आपल्या ताटात येतो. विधी तोच राहिला, मंत्र तोच राहिला, परंतु अर्पिलेला पदार्थ बदलला आणि त्याबरोबर विसर्जनाचा अर्थच लोपला.

मी हा विचार करीत असता काही तरुण फळ्या घेऊन लाटांवर स्वार होत होते. अमेरिकेत जन्मलेले वैष्णव संन्यासी जॅक हेब्नर, म्हणजेच स्वामी नरसिंह, यांनी २००४ च्या सुमारास याच गावी असा आश्रम उभा केला की जेथे जपध्यान आणि सर्फिंग एकाच दिनक्रमात नांदू लागले. यात विसंगती मला दिसत नाही. लाट पाण्याहून भिन्न नाही, हा वेदान्ताचा परिचित दृष्टान्त आपण व्यासपीठावरून ऐकतो. हे तरुण तो पायांखाली अनुभवतात. लाटेवर मालकी सांगता येत नाही, तिचा दस्तऐवज होत नाही, ती साठवून ठेवता येत नाही. ती येते, वाहून नेते आणि विरते. असा निखळ भोग ज्यास फुकट लाभला त्याच्या माथी ऋण चढते की नाही?

प्राचीन हवाईवासीयांच्या मते ते चढत होते. तेथे लाटेवरून घसरत जाण्याच्या या विद्येला 'हेए नालू' म्हणत. फळीसाठी झाड तोडण्यापूर्वी त्याच्या बुंध्याशी कुमू नावाचा तांबडा मासा ठेवीत, आणि झाड पडल्यावर मुळांच्या जागी खड्डा करून तो मासा प्रार्थनेसह तेथे पुरीत, असे जुने वृत्तान्त सांगतात. घेतलेल्या वृक्षाची ती परतफेड होती, आणि लाकूड व मासा दोन्ही अखेर मातीत मिळणारे होते. आजच्या बहुतेक फळ्या मात्र पॉलियुरेथेनचा फेस, राळ आणि काचतंतू यांच्या असतात. ज्याच्या पायाखाली विसर्जनाचे मूर्तिमंत रूप उसळते त्याच्या पायास चिकटलेली वस्तू स्वतः कधी विसर्जित होणार नाही. म्हणून किनाऱ्यावर कचरा करणाऱ्यास दोष देण्यापूर्वी आपली मोडकी फळी कोठे जाते, हा हिशेब या खेळाडूनेही दिला पाहिजे.

मात्र समुद्राचा दाह प्रथम या खेळाडूच्याच अंगास जाणवतो, हेही खरे. इंग्लंडातील कॉर्नवॉल परगण्यात सेंट ॲग्नेस येथे १९९० मध्ये 'सर्फर्स अगेन्स्ट सूएज' ही संस्था निघाली ती काही ग्रंथ वाचून नव्हे; प्रक्रिया न केलेल्या मैल्यात पोहून कान, घसा आणि पोट बिघडलेल्या माणसांनी ती काढली. ज्याला आपण अमर्याद समजत होतो तोही दुखावतो, ही वार्ता त्यांच्या शरीरांनी आणली, आणि माझ्या मते खऱ्या भक्तीचा आरंभ याच जाणिवेत आहे. ज्यास कधी इजाच होऊ शकत नाही असे आपण मानतो, त्याची पूजा करणे सोपे असते, कारण त्याची काळजी घ्यावी लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, की मैला सोडणाऱ्या नगरांची आणि कारखान्यांची जबाबदारी सरकारने वसूल करावी, एकट्याने पिशवी उचलून काय होणार? सरकारची जबाबदारी कणभरही कमी होत नाही. परंतु मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये एका शेजाऱ्यासह कचरा उचलण्याचे जे काम आरंभले त्यात पुढे हजारो हात मिळाले, आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिले समुद्राकडे निघाली. त्या पिलांना कोणी बोलावले नव्हते. वाट मोकळी झाली होती, एवढेच.

म्हणून विसर्जनाच्या जुन्या आचाराला आज एक नवा आचार जोडावा लागेल: जे विरते ते अर्पावे, जे विरत नाही ते परत न्यावे.

एक तरुण पाण्यातून बाहेर आला. एका काखेत फळी होती, दुसऱ्या हातात वाळूने भरलेली दुधाची पिशवी. ती त्याने सुरूच्या खोडाला बांधलेल्या गोणीत टाकली आणि काही न बोलता पुन्हा पाण्याकडे वळला. मी त्याच झाडाच्या मुळाशी हाताने खड्डा केला, हार आणि वस्त्रे त्यात ठेवून वर माती लोटली, आणि रिकामी पिशवी त्याच्या गोणीत टाकली. ते निर्माल्य कोणत्या घरचे होते, हे मला कधीच कळणार नाही. त्याचे विसर्जन मात्र त्या सकाळी पूर्ण झाले.