मेण आणि वेलांटी

"अगं, मी इथं फोनवर बोलते तेच पुण्याला दादाला ऐकू येतं ना?" आईनं विचारलं. मी तेव्हा बडोद्याच्या कलाभवनात इलेक्ट्रॉनिक्स शिकत होते. सगळं कळलंय असं वाटण्याचंच ते वय. ठणकावून म्हणाले, "नाही. तुझ्या आवाजातलं तिकडं काहीच पोचत नाही."

त्याच आठवड्यात पीसीएमचा, म्हणजे आवाज आकड्यांत लिहून पाठवण्याचा, प्रयोग झाला होता. आवाजाची लहर सेकंदाला ८,००० वेळा मोजायची, प्रत्येक माप २५६ पायऱ्यांपैकी जवळच्या पायरीवर बसवून ८ बिटांत लिहायचं. एका संभाषणाचे सेकंदाला ६४,००० बिट. फळ्यावर हे सरळ होतं. टेबलावर पॅच कॉर्ड सैल निघाल्या, आणि मुद्दाम सोडलेल्या नॉइजमध्ये ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरचे ठोके गवतात बुडावेत तसे बुडाले. मग प्रोब रिपीटरच्या पलीकडे लावला. ठोके पुन्हा ताठ, धुतल्यासारखे!

ॲम्प्लिफायर आवाजाबरोबर खरखरही मोठी करतो. डिजिटल रिपीटर एवढंच ठरवतो, ठोका होता की नव्हता. मग आलेला टाकून देतो आणि स्वतःच्या विजेतून नवा घडवतो. तेव्हा तांब्याच्या तारेवर दर दोनेक किलोमीटरला हेच व्हायचं. मग पोचलं ते काय?

लग्नानंतर दांडिया बाजारातलं माहेर सोडून बडोद्यातल्याच अकोट्यात आले. इथंच १९५१ साली जैन धातुमूर्तींचा साठा सापडला, ६८ नग. उमाकांत शहांनी त्यावर ग्रंथ लिहिला. सयाजीबागेतल्या संग्रहालयात त्यातली महावीरांची जीवंतस्वामी मूर्ती पाहिली की मला तो रिपीटर आठवतो. महावीर हयात असतानाच त्यांची चंदनी मूर्ती घडली, अशी कथा आहे. समोर आहे ती सहाव्या शतकातली, धातूची. आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर मातीचा लेप, मग आच. मेण वाहून जातं, राहिलेल्या पोकळीत धातू उतरतो. मेणाचा थेंबही उरत नाही, तरी मुकुट तोच, पापण्या त्याच.

बौद्ध म्हणतील, यात नवल कसलं? दिव्यानं दिवा लागतो. काही टिकत नाही, ओघ तेवढा चालतो. जैन म्हणतील, पर्याय म्हणजे अवस्था बदलली, पण खाली द्रव्य टिकलंच पाहिजे. या मूर्तींच्या गावात राहूनही माझा कल बौद्धांकडे जातो. रिपीटरमध्ये टिकणारं द्रव्य मला कधी सापडलं नाही. आकृती हेच द्रव्य, असं कुणी म्हटलं तर मात्र मी अडखळते.

एक गोष्ट त्या प्रयोगात मला जास्त छळून गेली. नॉइज फार वाढवला की रिपीटर चुकतो, पण त्याची चूक खरखरत नाही. खोटा ठोकाही खऱ्याइतकाच ताठ असतो. पुढच्याला शंका यायला जागाच नाही. गुरुपरंपरांची मला भीती वाटते ती इथं. श्रद्धेची नाही, स्वच्छ चुकीची.

आईला तिचं स्तोत्र आजीकडून कानानं मिळालेलं. त्यात एका शब्दाला ती दीर्घ वेलांटी लावायची. छापील पोथीत ऱ्हस्व आहे. मी पोथी उघडून दाखवली. तिनं चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाली, "असेल. मला असंच मिळालंय."

आई गेली. आता संध्याकाळी दिवा लावून मी ते स्तोत्र म्हणते. पोथी समोर असते, आणि त्या शब्दाशी आले की जीभ दीर्घच जाते.