क्ष-किरणांना आधी दिसलं

पोलंडचे डॉक्टर आणि लेखक यानुश कोर्चाक एकदा वॉर्सातल्या शिक्षक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना क्ष-किरणांच्या खोलीत घेऊन गेले. सोबत एक लहान मुलगा होता. अंधार, अनोळखी माणसांचा गराडा, यंत्राची घरघर. पोराला पडद्यामागे उभं केलं आणि समोर त्याचं हृदय दिसू लागलं, ओंजळीत धरलेल्या पाखरासारखं धडधडणारं. मुलावर हात उगारावासा वाटेल तेव्हा हे आठवा, अशा अर्थाचं काहीतरी सांगून कोर्चाकनी तो तास संपवला. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातली ही हकिगत त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे सांगितली. हेच कोर्चाक १९४२ च्या ऑगस्टमध्ये आपल्या अनाथाश्रमातल्या सुमारे दोनशे मुलांसोबत ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे गेले. स्वतःचा जीव वाचवायची संधी असूनही त्यांनी मुलांचा हात सोडला नाही.

त्या तासाचं मोल मोठं आहे. तरी ती गोष्ट आठवली की मला त्या मुलाचीच काळजी वाटत राहते. तो घाबरला होता हे सगळ्यांनी पाहिलं. त्याला कुणी काही विचारलं नाही. मुलांवरच्या हिंसेबद्दलचा जगाचा विचार बराच काळ याच वाटेनं गेला.

फ्रान्समधले न्यायवैद्यक तज्ज्ञ आंब्रुआझ तार्द्यू यांनी १८६० मध्ये अमानुष मारहाण झालेल्या ३२ मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांतली १८ मुलं दगावली होती आणि मारणारे बहुतेक जन्मदातेच होते. पण त्या लेखाकडे वैद्यकजगतानं पाठ फिरवली. १९४६ मध्ये न्यूयॉर्कचे क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांच्यासमोर सहा तान्ह्या बाळांचे फोटो होते. मेंदूच्या आवरणाखाली रक्त साकळलेलं आणि हातापायांची लांब हाडं मोडलेली. काय लागलं, कसं लागलं, याचा घरच्यांकडून पटण्याजोगा खुलासा नाही. कॅफींनी हाडं कशी मोडली आहेत ते बारकाईनं लिहिलं. कुणी मोडली, हे मात्र ठामपणे लिहिलं नाही.

त्यानंतर सोळा वर्षं गेली. डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये ‘मारहाण झालेल्या मुलाची लक्षणं’ मांडली. केम्प स्वतः नाझी जर्मनीतून पळून आलेले ज्यू निर्वासित होते. त्यांनी ७१ रुग्णालयांतून एका वर्षाची माहिती मागवली, तेव्हा ३०२ मुलं निघाली. ३३ मेलेली, ८५ जणांच्या मेंदूला कायमची इजा. फोटोत एक हाड ताजं मोडलेलं, तर दुसरं जुनं, वेडंवाकडं जुळत आलेलं. आईबाप म्हणणार, पाळण्यातून पडलं. पण एकदाच पडलेल्या बाळाची हाडं वेगवेगळ्या महिन्यांत कशी मोडतील? आणि बाळ रुग्णालयात आहे तोवर नवी जखम होत नाही, ते का? आईबाप असं करू शकतील यावर डॉक्टरांचा विश्वासच बसत नाही, हेही त्या लेखात स्पष्ट लिहिलं होतं. माझ्या मते सोळा वर्षांच्या उशिराचं खरं कारण तेच. पुरावा समोरच होता, पण आईबाप या शब्दांवरच्या आपल्या श्रद्धेपुढे तो दिसला नाही.

पुढच्या पाच वर्षांत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत अशा संशयाची खबर देणं डॉक्टरांवर बंधनकारक झालं. कित्येक जीव त्यामुळे वाचले असणार. पण एक गैरसमजही रुजला, की हिंसा म्हणजे मोडलेलं हाड आणि ती करणारा कुणीतरी राक्षस. मग तळहातावर बसणारी पट्टी, पिळलेला कान, स्वयंपाकघरातलं उलथनं यांना काय म्हणायचं? ते वळण लावणं ठरलं. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या तळहाताला त्या पट्टीची आठवण अजून आहे. ‘मार खाल्ला म्हणून तर माणसं झालो’ हे वाक्य आपण इतक्यांदा म्हणतो, की मार न खाताही माणूस होता आलं असतं हे मनातच येत नाही.

हा प्रश्न कायद्यानं पहिल्यांदा सोडवला तो स्वीडननं, १९७९ मध्ये. मुलाला घरातही मारायचं नाही. त्या तरतुदीत वेगळी शिक्षा नव्हती. उद्देश समज बदलण्याचा होता आणि त्याची माहिती दुधाच्या खोक्यांवर छापून घरोघरी न्याहारीच्या टेबलावर पोचवली गेली. आज साठाहून अधिक देशांत अशी बंदी आहे. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेतली छडी बंद केली. घरातल्या मारावर तशी सरसकट बंदी अजून नाही.

मुलांना विचारायची पाळी त्यानंतर आली. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेनं मुलाला स्वतःचं मत असतं हे मान्य केलं. पाउलो सेर्जिओ पिन्येरो यांनी संयुक्त राष्ट्रांसाठी २००६ मध्ये मुलांवरच्या हिंसेचा जो अभ्यास पूर्ण केला, त्यात देशोदेशींच्या मुलांना बोलतं केलं होतं. २००७ मध्ये स्वाझिलँडमध्ये १३ ते २४ वयाच्या मुलींना घरोघर जाऊन विचारलं, तेव्हा साधारण तिघींतल्या एकीनं अठराव्या वर्षाआधी लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. त्याच वर्षी आपल्या केंद्र सरकारच्या १३ राज्यांतल्या पाहणीत तीनपैकी दोन मुलांनी शारीरिक माराबद्दल सांगितलं. पोलिसांच्या दप्तरात यातलं किती होतं? जवळपास काहीच नाही. आता जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा, की दर वर्षी जगातली निम्मी मुलं, म्हणजे सुमारे शंभर कोटी, कुठल्या ना कुठल्या हिंसेला तोंड देतात. इतके राक्षस जगात नाहीत. ही साध्यासुध्या घरांची गोष्ट आहे, आणि म्हणूनच ती थांबवता येईल असं मला वाटतं.

न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावात डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस केलेला प्रयोग मला त्यामुळेच मोलाचा वाटतो. पहिलटकरणींच्या घरी परिचारिका जायची, पोटुशी असल्यापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत. बाळ रात्रभर का रडतं, आपलं डोकं फिरलं की काय करायचं, हे शेजारी बसून बोलायची. पंधरा वर्षांनी पाहिलं, तर या घरांतल्या छळाच्या आणि हेळसांडीच्या नोंदी इतरांच्या जवळपास निम्म्या होत्या. आपल्याकडे बाळंतिणीपाशी मावशी, आजी, सुईण बसत असे. चाळीतून फ्लॅटमध्ये येताना ती सोबत कुठे सुटली, कोण जाणे.

आणि आपल्या मुंबईत १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकारानं मुलांसाठी मदतीचा एक फोन सुरू झाला. १०९८. रस्त्यावरच्या, आकडे धड न येणाऱ्या पोरालाही लक्षात राहावा म्हणून तो ‘दस-नौ-आठ’ असा म्हणायचा. त्या फोनवर येणाऱ्या कॉलमध्ये मुके कॉल फार असत. पलीकडे कुणी बोलत नाही, नुसता श्वास, मागे गाड्यांचा आवाज. त्यांची वेगळी नोंद व्हायची. ऐकणाऱ्यानं घाई करायची नाही, रागवायचं नाही, ‘मी आहे इथे’ म्हणायचं आणि फोन कानाला लावून थांबायचं.