साम्य आणि समता

झाशी जिल्ह्यातील मऊरानीपुर हे सुखनई नदीच्या काठचे गाव. आलाच्या मुळांपासून काढलेल्या तांबड्या रंगात रंगवलेले ‘खारुवा’ नावाचे जाडेभरडे कापड एके काळी येथून दूरच्या बाजारपेठांत जात असे. बुंदेलखंडात विणकाम हा कोरी जातीचा परंपरागत व्यवसाय; अंगावर कापड घालणाऱ्यांच्या जगात या जातीचे स्थान मात्र अगदी खालचे. याच गावी ९ जानेवारी १८८९ रोजी हिंदी कादंबरीकार वृंदावनलाल वर्मा यांचा जन्म झाला. त्यांचे पणजोबा १८५८ साली राणी लक्ष्मीबाईच्या बाजूने लढताना मऊ येथेच कामी आले होते. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या या आठवणींतून वर्मांची झाशीच्या राणीवरील कादंबरी १९४६ साली सिद्ध झाली. त्या कादंबरीने कोरी वस्त्यांतल्या आठवणींत वावरणाऱ्या एका स्त्रीला ग्रंथात जागा दिली. तिचे नाव झलकारी.

झलकारी झाशीजवळच्या भोजला गावची. तिचा नवरा पूरन राणीच्या फौजेत होता, आणि ती स्वतः राणीच्या स्त्रीसैन्यात दाखल झाली होती, असे परंपरा सांगते. तिचा चेहरामोहरा राणीसारखा होता. एप्रिल १८५८ मध्ये ह्यू रोजच्या सैन्याने शहरात प्रवेश केला, राणीने रात्रीच्या अंधारात किल्ला सोडला, आणि इंग्रजांना गुंतवून ठेवण्यासाठी झलकारी राणीचा वेष करून शत्रूच्या छावणीकडे गेली. पुढे तिचे काय झाले याविषयी परंपरेतच एकवाक्यता नाही. समकालीन कागदांचा आधार या कथेला तुटपुंजा आहे, हे उघड आहे. परंतु येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न कथेच्या खरेखोटेपणावर अवलंबून नाही. समाज एखाद्या व्यक्तीला कोणत्या रूपात लक्षात ठेवतो, हाही त्या समाजाविषयीचा एक पुरावाच असतो. झलकारी लक्षात राहिली ती राणीसारखी दिसणारी स्त्री म्हणून. हे साम्य तिला समतेकडे नेते काय, हा खरा प्रश्न आहे.

या कथेत दोन दृष्टी एकमेकींना छेदतात. जेत्याची दृष्टी वंशाची आहे. तिला समोर एक ‘नेटिव्ह’ स्त्री दिसते, अंगावर राजवस्त्रे दिसतात, आणि तेवढ्यावरून ती राणी ठरते. करहाडे ब्राह्मण कुळातील स्त्री आणि कोरी घरातील स्त्री यांच्यातील अंतर या दृष्टीला दिसूच शकत नाही. देशी समाजाची दृष्टी नेमकी याच्या उलट आहे. तिला हे अंतर इतके स्पष्ट दिसते की दोन चेहऱ्यांतील सारखेपणा हा निसर्गाचा एक चमत्कारच वाटावा. एका दृष्टीत भेद पुसला जातो, दुसऱ्या दृष्टीत तो कोरला जातो. व्यक्ती मात्र दोहोंच्या हाती लागत नाही. शरीर तेच असताना पाहणारा बदलताच माणसाची ओळख बदलत असेल, तर ती ओळख शरीरात वसत नाही, पाहणाऱ्याच्या अधिकारात वसते, असेच म्हणावे लागते.

राणीची स्थिती तरी याहून वेगळी होती काय? तांब्यांची मनकर्णिका नेवाळकरांच्या घरी येऊन लक्ष्मीबाई झाली. १८५३ साली गंगाधरराव निवर्तले आणि १८५४ साली दत्तक पुत्र दामोदररावाचा वारसा नाकारून कंपनी सरकारने संस्थान खालसा केले. वेढ्याच्या दिवसांत झाशीत असलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’मध्ये राणीचा नित्यक्रम वर्णिला आहे. हे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले. पतीच्या मागे केशवपन केले नाही म्हणून राणी प्रायश्चित्त घेत असे, असे त्यांच्या वर्णनावरून दिसते. जी स्त्री राज्याचा कारभार पाहत होती, तिला विधवा म्हणून धर्माच्या दरबारी दंड भरावा लागत होता. गंगाधररावांविषयी गोडसे जी हकिगत सांगतात ती तर अधिकच सूचक आहे. राजा मधूनमधून स्त्रीवेष धारण करीत असे, आणि इंग्रज अधिकाऱ्याने याविषयी विचारले तेव्हा, तुमच्यापुढे आम्ही सारे राजे हातात बांगड्या भरूनच बसलो आहोत, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. हकिगत ऐकीव असेल. पण तिच्यातला रूपकाचा व्यवहार सर्वांना कळणारा होता. स्त्रीत्व हे पराभवाचे नाव होते.

यामुळेच राणीचे शौर्य पुरुषत्वाच्या भाषेत अनुवादित केल्यावाचून कोणालाच सांगता आले नाही. पोवाडे गाणाऱ्या देशी माणसाने तिला पुरुषासारखी म्हटले, आणि बंडखोरांत तीच काय ती पुरुष होती, हे उद्गार इंग्रज सेनानीच्या नावावर चिकटले. म्हणजे राणी थोर ठरली ती पुरुषाच्या साम्याने, आणि झलकारी थोर ठरली ती राणीच्या साम्याने. ही साम्यांची उतरंड आहे. प्रत्येक पायरीवरचा माणूस वरच्या पायरीच्या उजेडात दिसतो, आणि तो उजेड मालकीचा नसून उसना असतो.

ही उतरंड झाशीपुरती राहिली नाही. १८५७ नंतर लष्करी सत्तेने ‘लढवय्या वंशां’चा सिद्धांत रूढ केला आणि शौर्य हा जन्माचा गुण ठरवला. कोरेगावच्या १८१८ च्या लढाईपासून कंपनीच्या पलटणींत लढत आलेल्या महारांची भरती १८९० नंतरच्या दशकात बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली याविरुद्ध जो अर्ज तयार केला, त्यात अस्पृश्य गणल्या गेलेल्या जाती मूळच्या क्षत्रिय आहेत, असा दावा मांडला होता. न्यायाची मागणी रास्त होती; ती करण्यासाठीसुद्धा वरच्या वर्णाशी नाते जुळवावे लागले, ही त्या काळाची कोंडी होती. ज्या न्यायासनापुढे उभे राहायचे, त्याच्याच भाषेत बोलावे लागते.

यावर कोणी म्हणेल की साम्याने बिघडते काय? परका माणूस आपल्यासारखा आहे, या जाणिवेतूनच करुणा उपजते. बंद दार उघडण्यासाठी साम्य ही एक किल्ली आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. झलकारीचे नाव राजवाड्याच्या कथेत शिरले ते याच किल्लीने. परंतु साम्य ज्याला आत घेते त्याला अपवाद म्हणून घेते, आणि माप वरच्याच्याच हाती ठेवते. राणीसारख्या न दिसणाऱ्या कोरी स्त्रियांना त्या दारातून प्रवेश नसतो. शिवाय जिला प्रवेश मिळतो तिचे स्वत्व दाराबाहेर राहते. झलकारीचा गौरव होतो तो ती झलकारी उरली नाही त्या क्षणासाठी. ती कशासाठी लढली, गादीसाठी की आपल्या गावासाठी, नवऱ्यासाठी की स्वतःच्या अभिमानासाठी, हे तिला कोणी विचारले नाही. राणीचे हेतू तिच्या खलित्यांतून कळतात. झलकारीचे हेतू राणीवरील निष्ठा या एका शब्दात मिटवले जातात.

साम्याची वाट सोडून चालणारी माणसेही त्याच काळात होती. झाशी खालसा झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८५५ मध्ये, जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आपण ब्राह्मणांसारख्या आहोत, असे तिने म्हटले नाही. ज्यांना वेद वाचण्याची मनाई आहे त्यांचा धर्म तरी कोणता, असा प्रश्न तिने विचारला आणि मांगमहारांची दुःखे त्यांच्याच नावाने मांडली. ताराबाई शिंदे यांच्या १८८२ च्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ या पुस्तकाच्या नावातच तुलना आहे. पण स्त्री पुरुषासारखी आहे हे तिथे सिद्ध करायचे नाही. जे दोष स्त्रीच्या माथी मारले जातात ते पुरुषात नाहीत काय, असे विचारून ताराबाई दोघांना एकच माप लावतात. साम्य म्हणजे दुसऱ्याच्या मापात बसणे. समता म्हणजे माप सर्वांचे असणे. हा फरक या दोघींनी जाणला होता.

झलकारीच्या वाट्याला पुढे सन्मान आला. २००१ साली तिच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले, ठिकठिकाणी पुतळे उभे राहिले. दलित समाजाने तिला आपली वीरांगना म्हणून स्वीकारले ते इतिहासातील आपला वाटा मागण्यासाठी, आणि ती मागणी न्याय्यच आहे. तरीही घोडा, तलवार, वीरश्रीचा आवेश ही तिच्या प्रतिमेची घडण राणीच्या प्रतिमेवरूनच आलेली दिसते. उपेक्षितांना स्मारकाची भाषासुद्धा तयार मिळते, ती नव्याने घडवायला अवधी लागतो. मऊरानीपुरच्या लेखकाने झलकारीला नाव दिले, हे त्याचे ऋण मोठे आहे. तिला चेहरा देण्याचे काम मात्र अजून उरले आहे. शहर पडले तेव्हा झाशीत राणीसारखी न दिसणारी, कोणाचाही वेष न केलेली एखादी विणकर स्त्री असेलच. तिच्याविषयी आदर वाटण्यासाठी जोवर कोणाशी तरी तिचे साम्य शोधावे लागते, तोवर झलकारीलाही तिचा स्वतःचा चेहरा मिळाला, असे म्हणता येणार नाही.