चित्रपटाची ओळख आणि अनेकान्त दृष्टी

चलच्चित्रांच्या संग्रहात सूचीकारापुढचा पहिला प्रश्न तात्त्विक असतो : नोंद नेमकी कशाची करायची? रिळाच्या डब्यावरचे नाव चुकीचे असू शकते, श्रेयनामावली गळालेली असू शकते, दोन प्रतींचे तुकडे एकत्र जोडलेले असू शकतात. एवढे बदल सोसूनही ‘तोच चित्रपट’ म्हणायचे, तर त्यात टिकून राहिले ते काय?

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील जैन मूर्तींबाबतही हाच प्रश्न उभा राहतो. त्यांतील बहुतेक मूर्ती पंधराव्या शतकात, डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह या तोमर राजांच्या काळात, कड्यात कोरल्या गेल्या. त्या नष्ट करण्याचा हुकूम दिल्याची नोंद बाबराने आत्मचरित्रात केली आहे. पुढे जैन समाजाने काही भग्न मूर्तींचे चेहरे गिलाव्याने पुन्हा घडवले. नव्या चेहऱ्याची मूर्ती जुनीच मानावी की वेगळी?

जैन दर्शनानुसार प्रत्येक सत् वस्तूत उत्पाद (उत्पत्ती), व्यय (नाश) आणि ध्रौव्य (टिकून राहणे) एकत्र नांदतात. द्रव्य टिकते, पर्याय म्हणजे त्याच्या अवस्था बदलतात. म्हणून मूर्ती द्रव्याच्या दृष्टीने तीच आणि पर्यायाच्या दृष्टीने वेगळी, ही दोन्ही विधाने खरी ठरतात. हीच अनेकान्त दृष्टी. मात्र कोणत्या अपेक्षेने, म्हणजे कोणत्या दृष्टिकोनातून, बोलले जात आहे, हे सांगावे लागते. बौद्धांचा क्षणिकवाद असे टिकणारे द्रव्य मानत नाही. त्या दृष्टीने चित्रपट म्हणजे एकामागून एक येणाऱ्या चौकटींचा प्रवाह आणि त्याचे नाव केवळ व्यवहारापुरते. पण नुसत्या प्रवाहावर सूची उभी राहत नाही. दोन प्रतींना एका नावाखाली आणायला त्यांच्यातले समान काहीतरी मानावेच लागते.

चित्रपट संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेली सूचीकरण-पुस्तिका कृती, तिचा पाठभेद, तिचे प्रकट रूप आणि हाती असलेली प्रत अशा पातळ्या वेगळ्या करते. दिग्दर्शकाचे नाव कृतीच्या नोंदीत जाते, कापलेल्या दृश्यांची माहिती पाठभेदाच्या, तर रिळावरचे ओरखडे प्रतीच्या. कोणते विधान कोणत्या अपेक्षेने खरे आहे, हे या मांडणीमुळे स्पष्ट राहते.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये मुंबईत प्रदर्शित झाला. १९१७ मध्ये त्यांनी ती कथा पुन्हा चित्रित केली. आज उपलब्ध असलेली दृश्ये यांपैकी कोणत्या चित्रपटाची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. अशा वेळी नोंदीत एकच वर्ष ठामपणे लिहिणे हा एकान्त, म्हणजे एकांगी दावा, ठरतो. दोन्ही शक्यता, त्यांचे आधार आणि निर्णय कोणी केला, हे सारे लिहिणे हीच प्रामाणिक नोंद.

ग्वाल्हेर घराण्याच्या गायनाचे चित्रण सूचीत आणताना हा विवेक आणखी लागतो. बंदिश एकच असते. कृष्णराव शंकर पंडितांसारखा गायक मात्र प्रत्येक बैठकीत ती नव्याने उलगडतो. म्हणून राग, ताल आणि बंदिश यांच्या नोंदी एका पातळीवर हव्यात. गायक, साथीदार, स्थळ आणि दिनांक यांच्या नोंदी दुसऱ्या पातळीवर. ‘ख्याल, ग्वाल्हेर’ एवढ्याच शब्दांत ते चित्रण नोंदवले, तर त्या दिवशीचे गाणे शोधणाऱ्याच्या हाती कधीच लागत नाही.

अनेकान्त म्हणजे वाटेल ते खरे मानणे नव्हे. प्रत्येक विधानाला त्याची मर्यादा आणि पुरावा जोडणे, हे त्याचे बंधन आहे. हे बंधन पाळणारी सूचीच पुढच्या पिढीला चुका सुधारण्याची वाट मोकळी ठेवते, म्हणूनच सूचीकाराचे काम हे सत्याचे व्रत आहे.