हाकेला ओ

दिवाळीत घुबडाची आठवण होते ती लक्ष्मीचे वाहन म्हणून. चित्रात ते देवीच्या पायाशी मुकाट बसलेले असते. त्याच्या आवाजाचे मात्र कुणाला कौतुक नाही. रात्री आढ्यावर ते घुमले की घरातली वडील माणसे मुलांना आत घेतात. त्यामुळे अमेरिकेतले शिकारी घुबडासारखा आवाज काढणारी लाकडाची किंवा वेताची नळी हौसेने स्वतःच्या हातांनी घडवतात, हे मी प्रथम वाचले तेव्हा मला मोठी गंमत वाटली. तिकडे वसंत ऋतूत रानटी टर्कीची शिकार चालते. भल्या पहाटे टर्कीचा नर अजून झाडावरच असतो. शिकारी त्या नळीतून घुमतो, आणि अवचित आलेल्या त्या आवाजाने नर न राहवून ओरडून उठतो. झाले! तो कोठे बसला आहे हे कळले. पुढे मादीच्या आवाजाने त्याला जवळ बोलवायचे आणि बंदूक रोखायची.

गंमत ओसरली, पण एक प्रश्न उरला आणि तो काही केल्या जाईना. जनावराशी त्याच्याच भाषेत खोटे बोलणे, हे पाप आहे काय?

हा प्रश्न परक्या मुलखातला आहे असे समजण्याचे कारण नाही. आमच्या सटाण्याच्या आसपास, बाजरीच्या शेतांच्या बांधांवर, तितर पहाटेपासून ओरडू लागतो. माझ्या लहानपणी आमच्या मळ्याकडे एक म्हातारा पारधी येत असे. आम्ही पोरे त्याला बाबा म्हणत असू. दोन्ही तळवे तोंडाशी धरून तो तितराचा असा आवाज काढी की बांधापलीकडचा तितर तावातावाने उत्तर देई. फासेपारध्यांची जुनी रीत म्हणजे पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवायचा आणि भोवती फासे मांडायचे. पिंजऱ्यातला ओरडला की रानातल्या नराला वाटते, आपल्या हद्दीत कुणी उपरा शिरला. तो भांडायला धावतो आणि पाय फाशात अडकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार बंद झाली, ते योग्यच झाले. पण कायद्याने शिकार थांबते, प्रश्न थांबत नाही.

कुणी म्हणेल, पाखराला खरे-खोटे कळत नाही, मग त्याच्याशी खोटे कसले बोलायचे? मला हे पटत नाही. तितराची हाक म्हणजे तितरांच्या जगातला एक करार असतो. ‘येथे मी आहे’ एवढाच तिचा अर्थ, आणि त्या अर्थावर सगळे तितर आपला दिवस आखतात. आपण ती हाक उसनी घेतो तेव्हा तो करारच वापरतो, फक्त आपल्या बाजूने तो पाळत नाही.

शिवाय सगळी आमिषे सारखी नसतात. दाणे टाकून पाखरू पकडले तर आपण त्याच्या भुकेचा फायदा घेतो. तितराच्या बाबतीत त्याच्या अभिमानाचा घेतो, आणि टर्कीच्या बाबतीत दचकण्याचा. पण पिल्लाचा आवाज काढून आईला बोलावले, तर आपण तिच्यातल्या सर्वांत चांगल्या गोष्टीचा गळफास केला. येथे माझे मन अडते.

या शेवटच्या प्रकाराची आपल्याकडची सर्वांत मोठी कथा नाशिकच्याच पंचवटीत घडली, अशी आपली श्रद्धा आहे. मारीच सोन्याचा मृग झाला. ती फसवणूक डोळ्यांची होती, आणि लक्ष्मणाने ती ओळखली होती. पण मरता मरता त्याने रामाच्या आवाजात मदतीची हाक मारली, आणि तेथे सीतेचा निरुपाय झाला. मोह आवरता येतो, पण आपल्या माणसाने मारलेली हाक अनसुनी कशी करायची? लक्ष्मण अजूनही जागचा हलत नव्हता. तेव्हा तिने त्याला नको ते शब्द ऐकवले, आणि ज्याने अहोरात्र पहारा केला तोच मनाविरुद्ध निघून गेला. एका खोट्या हाकेने सीता तर नेलीच, पण तिच्या आधी दोन जिवाभावाच्या माणसांमधला विश्वासही नेला.

मग उसना आवाज नेहमीच वाईट म्हणावा काय? तेही मला जमत नाही. १९३८ साली कुमाऊँमधल्या ठाक गावाजवळ जिम कॉर्बेटने एका नरभक्षक वाघिणीला नर वाघाचा आवाज काढून जवळ बोलावले आणि मारले. तिच्या भीतीने गावेच्या गावे घरात कोंडली गेली होती. त्या गावकऱ्यांना मी नीतीचा पाठ कोणत्या तोंडाने द्यावा? बाबाच्या भुकेचेही तेच. १८७० च्या सुमाराच्या दुष्काळात सरकारी खजिना भुकेल्यांसाठी खुला करणाऱ्या मामलेदाराला देव मानणारे आमचे सटाणे. भुकेपुढे नियम कधी वाकतो हे आम्हाला वेगळे सांगायला नको.

आणखी एक उदाहरण आमच्या शेजारच्या खानदेशातले. रानपिंगळा नावाचे छोटे घुबड १८८४ नंतर कुणाला खात्रीने सापडले नव्हते. मधल्या काळात मेनर्ट्‌झहागेन नावाच्या एका इंग्रज पक्षिसंग्राहकाने १९१४ साली ते आपण मिळवले असे दाखवले. पुढे उघड झाले की संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्याने त्याला नवी चिठ्ठी लावली होती. अखेर १९९७ साली शहाद्याजवळच्या रानात अमेरिकी अभ्यासकांना तो पक्षी जिवंत दिसला. आता अभ्यासक त्याचा मुद्रित आवाज रानात वाजवतात. रानपिंगळा उत्तर देतो, त्याची नोंद होते आणि माणसे निघून जातात. फसवणूक तीच, पण ओ देणाऱ्याला तिची किंमत प्राणाने मोजावी लागत नाही. तरीही जाणते लोक तो आवाज बेताने वाजवतात, कारण खोट्या शत्रूशी झुंजण्यात पाखराची खरी शक्ती खर्च होते.

म्हणून मी माझ्यापुरते एक माप ठरवले आहे. हाक कुणाच्या आवाजात मारली याहून, ओ देणाऱ्याचे पुढे काय झाले, हे पाहावे. आणि त्यातही एक तोटा कोणत्याच हिशेबात धरला जात नाही. बाबा सांगे, फाशातून एकदा सुटलेला तितर पुन्हा हाकेला येत नाही. आम्हा पोरांना तेव्हा तो त्या पाखराचा शहाणपणा वाटे. आज मला त्यातले दुःख दिसते. त्या तितरासाठी रानातली प्रत्येक हाक, खरीसुद्धा, खोटी झाली. पारध्याच्या हातून त्याचा जीव वाचला, पण त्याची भाषा गेली.

आता तर यंत्राने माणसाचा आवाज हुबेहूब काढता येतो. मुलाच्या आवाजात आईला दूरध्वनी येतो, ‘मी अडचणीत आहे, पैसे पाठव,’ आणि ती माउली पाठवते. पैसे पुन्हा मिळवता येतील. पण पुढच्या वेळी मुलगा खरोखर अडचणीत असला आणि ऐकताना आई क्षणभर थबकली, तर तो क्षण कोण भरून देणार? मारीचाचा वंश बुडालेला नाही, त्याला फक्त नवी नळी मिळाली आहे.

या दिवसांत घरोघर हाका मारल्या जातात. कुणी फराळाला बोलावते, कुणी भाऊबीजेला, कुणी लांबच्या गावाहून नुसतेच ‘कसे आहात?’ म्हणून विचारते. आपण विचार न करता ओ देतो. हा विचार न करता ओ देणे भाबडेपणाचे वाटेल, पण घर उभे असते ते त्याच्यावरच. ते टिकवण्याची जबाबदारी ओ देणाऱ्याची नाही. ती हाक मारणाऱ्याची आहे.