डुकरे राखणाऱ्यांचे पुढे काय झाले?



सूर्यापासून मिळणाऱ्या विजेविषयी आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात अलीकडे बरेच बोलले जाते. शिबिरे भरतात, शाळांतून चित्रकला स्पर्धा होतात आणि बहुतेक वक्ते शेवटी एकच गोष्ट सांगतात, की या कामी जनमत तयार केले पाहिजे. आमचे मन या ‘तयार केले पाहिजे’ पाशी अडखळते. लोकांना मत असतेच. ज्याच्या घरची चूल कोळशावर पेटते, त्यालाही ते असते. त्याचे मत न विचारता ते परस्पर तयार करायला निघण्याचा अधिकार कुणाला आहे? प्रश्न वरवर प्रचाराचा दिसतो, पण आमच्या मते तो नीतीचा आहे, आणि म्हणून या पानावर त्याला जागा देत आहोत.

आपल्या धर्मग्रामाला हा प्रश्न परका नाही. रविवारी मिस्साला बाकांवर बसणाऱ्या कुटुंबांपैकी कितीतरी वेकोलिच्या खाणींत, महाऔष्णिक विद्युत केंद्रात, कोळशाच्या ट्रकवर किंवा त्या ट्रकांच्या आसऱ्याने चालणाऱ्या दुकानांत पोट भरतात. दानपेटीत पडणाऱ्या नाण्यालाही थोडी काजळी असतेच. कोळशाविरुद्ध व्यासपीठावरून गर्जना करणे म्हणूनच आम्हांला सोपे वाटत नाही. आणि गप्प बसणे त्याहून सोपे असल्यामुळे ते जास्त संशयास्पद वाटते.

संत मार्कच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, गरसेकरांच्या प्रदेशातली घटना आहे. थडग्यांत राहणाऱ्या, साखळदंड तोडणाऱ्या माणसाला प्रभू येशू मुक्त करतो. अशुद्ध आत्मे डुकरांच्या कळपात शिरतात आणि सुमारे दोन हजार डुकरे कड्यावरून समुद्रात पडून मरतात. गावकरी येतात, बरा झालेला माणूस शुद्धीवर बसलेला पाहतात, आणि येशूला आपल्या प्रदेशातून निघून जाण्याची विनंती करतात. यावरचे प्रवचन आपण सर्वांनी ऐकले आहे: पाहा हे लोक, त्यांना माणसापेक्षा डुकरे प्यारी! ते खोटे नाही. पण दोन हजार डुकरे म्हणजे कुणाची तरी जन्माची पुंजी होती, आणि ती राखणारे बहुधा रोजंदारीवरचे लोक होते. बातमी द्यायला गावात धावत गेले ते हेच. दुसऱ्या दिवशी त्यांना काम कुणी दिले? शुभवर्तमान त्याविषयी काही सांगत नाही.

या प्रसंगातून आम्हांला आधी एक गोष्ट स्पष्ट दिसते. येशूने डुकरांसाठी माणसाला थडग्यात ठेवले नाही. माणूस आधी, कळप नंतर. आता आपल्याकडे पाहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक पट्ट्यांची पाहणी केली, तेव्हा अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद यांच्यामागून चंद्रपूरचा क्रमांक चौथा लागला. निर्देशांक ८३.८८ होता, आणि सत्तरच्या वर गेलेला पट्टा ‘गंभीर प्रदूषित’ समजला जातो. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की राखेचा वारा कसा लागतो, हे येथे कुणाला समजावून सांगायला नको. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात जुन्या भूमिगत खाणीच्या वरचे एक राहते घर जमिनीत गडप झाले. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. ज्या कोळशाने आपल्याला जमिनीवर उभे केले त्यानेच पायाखालची जमीन पोकळ केली, हे येथे नुसते बोलण्यापुरते राहिलेले नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात दगडी कोळसा, तेल आणि वायू यांचा वापर टप्प्याटप्प्याने, पण विलंब न लावता थांबवावा असे सांगितले आहे. कॅथोलिक म्हणून त्या शिकवणुकीला आम्ही बांधील आहोत. तेव्हा कोळशातून बाहेर पडायचे की नाही, हा वाद आम्ही येथे घालत नाही. वाद आहे तो किंमत कोण मोजणार याचा.

संत योहानच्या शुभवर्तमानातला कयफा आठवा. सगळे राष्ट्र बुडण्यापेक्षा एकाचा बळी गेलेला परवडला, असा त्याचा हिशेब होता. हिशेब म्हणून तो चोख दिसतो, त्यामुळेच तो भयंकर आहे. चंद्रपूरच्या बाबतीत हा हिशेब एकदा होऊन गेला आहे. येथल्या वीज केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. आज त्याची क्षमता २९२० मेगावॉट आहे. चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची उच्चदाब वाहिनी १५०० मेगावॉटपर्यंत वीज मुंबईच्या बाजूला नेऊ शकते. उजेड तिकडे गेला, राख इकडे राहिली. राज्याच्या विकासासाठी एका जिल्ह्याने थोडे सोसावे, असे त्या वेळी सांगण्यात आले, आणि येथल्या माणसांनी सोसले. जमिनी दिल्या, नदीचे पाणी दिले, फुफ्फुसे दिली. आता जगाची हवा तापते आहे, म्हणून याच जिल्ह्याने रोजगार सोडावा असे सांगितले जाईल. कारण यावेळी अधिक चांगले आहे, यात शंका नाही. पण बळी तोच आणि हिशेब करणारे तेच दूरचे लोक असतील, तर कयफाचे गणित बदलले असे आम्हांला वाटत नाही.

संत थॉमस अक्विनास यांनी कायद्याची व्याख्या करताना चार गोष्टी मागितल्या: तो विवेकाला धरून असावा, सर्वांच्या समान हितासाठी असावा, समाजाची काळजी वाहणाऱ्याने केलेला असावा आणि तो लोकांना जाहीर करून सांगितलेला असावा. सेमिनरीत शिकताना ही शेवटची अट आम्हांला क्षुल्लक वाटे. आता ती सर्वांत महत्त्वाची वाटते. माणसाला त्याच्याशी संबंधित गोष्ट आधी, खरी आणि त्याला समजेल अशी सांगणे म्हणजे त्याला विवेकी प्राणी मानणे. आणि ‘समान हित’ म्हणजे बहुसंख्यांचे हित नव्हे. ज्याच्याकडून त्याग मागितला जातो तोही ज्या हिताचा वाटेकरी असतो, तेच समान हित. खाणीतल्या माणसाला उद्याच्या हवेत वाटा आहेच. उद्याच्या भाकरीतही वाटा असला पाहिजे.

आता खरे सांगण्याविषयी. आपल्या भागात दोन प्रकारचे असत्य फिरते. पहिले असे, की कोळसा कधीच जाणार नाही. त्याला आधारही दाखवला जातो: २०२४-२५ साली देशात शंभर कोटी टनांहून अधिक कोळसा निघाला, आणि देशात निर्माण होणाऱ्या विजेपैकी सुमारे सत्तर टक्के वीज अजून कोळशाचीच आहे. आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष नाही. आपल्याच वीज केंद्राचे पहिले दोन संच केव्हाच बंद झाले. भारताने २०२१ साली ग्लासगो येथे, २०७० पर्यंत कार्बन उत्सर्जनाचा निव्वळ भार शून्यावर आणण्याचे जाहीर केले. आज पहिलीत असलेले मूल तेव्हा पन्नाशीच्या आसपास असेल. त्याला ‘बाबांसारखा खाणीत लाग’ असे सांगणाऱ्याने हे साल लक्षात ठेवावे.

दुसरे असत्य अधिक गोड आहे: सौरऊर्जा आली की सर्वांना तिच्यात काम मिळेल. मिळणार नाही. सौर प्रकल्प उभारताना माणसे लागतात, उभा राहिल्यावर फार थोडी लागतात, आणि तो खाणीशेजारीच उभा राहील असेही नाही. २०२५ च्या मध्यापर्यंत देशातील वीजनिर्मितीच्या एकूण क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-तेल-वायू सोडून इतर स्रोतांची झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष मिळालेली वीज वेगळी. सूर्य रात्रपाळी करीत नाही. साठवणुकीची सोय वाढेपर्यंत ही अडचण राहणार. हे लपवून मिळवलेला पाठिंबा पहिल्या भारनियमनात गळून पडेल, आणि पडायलाच हवा. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा चांगल्या कामासाठीही शिथिल होत नाही.

बाहेरच्या देशांत काय झाले, ते थोडक्यात पाहू. जर्मनीच्या रूर भागात दगडी कोळशाच्या खाणी बंद करण्याचे २००७ साली ठरले आणि शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. अकरा वर्षे आधी सर्वांना तारीख माहीत होती. कुणाला लवकर निवृत्तिवेतन मिळाले, कुणाला दुसरे काम शिकवले गेले. शेवटच्या खाणीचा निरोप घेताना एसेनच्या कॅथेड्रलमध्ये प्रार्थना झाली. (त्या देशाने कोळसा आयात करणे मात्र लगेच थांबवले नाही, हेही सांगून ठेवतो.) स्पेनमध्ये ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकार आणि खाण कामगारांच्या संघटना यांच्यात करार झाला, पंचवीस कोटी युरोंची तरतूद झाली, आणि मग बहुतेक खाणी बंद झाल्या. ब्रिटनमध्ये १९८४-८५ च्या संपानंतर खाणी भराभर बंद झाल्या, आणि तिथल्या कित्येक खाणगावांची जखम एका पिढीनंतरही भरली नाही. दगडी कोळशाच्या बहुतेक खाणी तिन्ही देशांत बंद झाल्या. माणसांचे काय झाले, यात फरक पडला.

आपल्याकडे तेवढा पैसा नाही, असे कुणी म्हणेल. आपल्याकडे तर आणखी एक अडचण आहे. खाणीतल्या कायम कामगाराला भविष्यनिर्वाह निधी आहे, निवृत्तिवेतन आहे, संघटना आहे. कंत्राटी कामगार, ट्रकचा क्लीनर, पंक्चर काढणारा, खाणीच्या फाटकावर चहा विकणारी बाई यांचे नाव कुठल्याच रजिस्टरात नसते. संत मत्तयच्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात अकराव्या तासाला बाजारात उभे असलेले मजूर म्हणतात, की आम्हांला कुणी कामाला लावले नाही. खाणी बंद होण्याच्या चर्चेत हे अकराव्या तासाचे लोक बोलावलेच जात नाहीत. पैसा मात्र अगदीच नाही असे नाही. २०१५ च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठानची व्यवस्था झाली. खाणींकडून मिळणारा तो निधी खाणबाधित लोकांच्या पाणी, आरोग्य, शिक्षण, कौशल्य आणि उपजीविका यांसारख्या कामांसाठी असतो. आपल्या जिल्ह्यातही तो जमा होतो. ग्रामसभेत उठून त्याचा हिशेब विचारायला धर्मगुरूची परवानगी लागत नाही.

आता पुन्हा त्या गरसेकरांकडे. गावकऱ्यांनी जा म्हटल्यावर येशूने वाद घातला नाही, त्यांना दोषही दिला नाही. तो नावेत चढला. बरा झालेला माणूस त्याच्याबरोबर यायला निघाला, तर त्याने त्याला परत पाठवले: स्वतःच्या घरी, स्वतःच्या लोकांत. तो माणूस दकापलीसभर आपली हकीकत सांगत फिरला. दोनच अध्यायांनंतर येशू पुन्हा त्या भागात येतो, तेव्हा लोक एका बहिऱ्या माणसाला घेऊन त्याच्याकडे येतात. ज्यांनी जा म्हटले होते, त्यांच्याच मुलखात. मध्ये कुठलाही मेळावा झाला नव्हता. ज्याला सर्वजण ओळखत होते, असा एक माणूस त्यांच्यात राहिला होता.

आमच्या समजुतीप्रमाणे जनमत असे तयार होते. नागपूरहून आलेल्या वक्त्यापेक्षा खाणीतून निवृत्त झालेल्या शेजाऱ्याच्या छतावरचे पॅनेल आणि त्याचे विजेचे बिल अधिक बोलते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरासाठी तीन किलोवॉटपर्यंत जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे. बाकीची रक्कम पदरची घालावी लागते, हेही त्या शेजाऱ्यानेच सांगावे. आपल्या भागात पॅनेलवर कोळशाची धूळ बसते आणि वीज कमी मिळते, म्हणून ती वारंवार धुवावी लागतात, हेही. आयटीआयमध्ये वीजतंत्री होणाऱ्या आपल्या मुलांनी हे काम शिकून घेतले, तर धूळ पुसण्यापुरता का होईना, रोजगार येथलाच राहील. हे आम्ही निम्मे थट्टेने म्हणतो, निम्मे मनापासून.

आपल्या चर्चच्या छतावर पॅनेल बसवावीत, असा प्रस्ताव पॅरिश कौन्सिलपुढे आला आहे. वर सांगितलेले अनुदान घरांसाठी आहे, चर्चला ते मिळणार नाही. खर्च आपल्यालाच करावा लागेल. कौन्सिलमध्ये दोन्ही बाजूंनी बोलणारे आहेत. पॅनेलपेक्षा काम सुटलेल्या कंत्राटी कामगारांच्या मुलांची फी आधी भरावी, असेही एक मत पुढे आले, आणि ते आम्हांला विचार करण्याजोगे वाटते. निर्णय झालेला नाही. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर हॉलमध्ये सभा आहे. पहिल्या पाळीला असणाऱ्यांसाठी तीच सभा संध्याकाळी सहा वाजता पुन्हा घेतली जाईल. रात्रपाळी करून सकाळी परस्पर मिस्साला येणाऱ्यांसाठी चहाची सोय महिला मंडळाने केली आहे. घरचे गेल्या तीन महिन्यांचे विजेचे बिल कृपया सोबत आणावे.